पोटुशीने एक्स-रे काढावा का?

घरातल्या गरोदर सुनेला डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला, की सासूबाई म्हणतात, "नको गं बाई, लेकराला किरणं बाधतील." त्यांची काळजी मायेची आहे. पण भीतीपोटी जरूर असलेली तपासणी टाळली, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो.

या किरणांचे माप मिलिग्रे. माती, आकाश, अन्न यांतून नऊ महिन्यांत पोटातल्या बाळाला आपोआपच अर्धा ते एक मिलिग्रे मिळतात. आईच्या छातीच्या एक्स-रेने बाळापर्यंत फार तर ०.०१ मिलिग्रे पोचतो. हातापायाच्या आणि दाताच्या एक्स-रेचेही तसेच. ५० मिलिग्रेच्या आत बाळात व्यंग येते किंवा गर्भ पडतो, असे आढळलेले नाही.

पोटाच्या एक्स-रेची गोष्ट वेगळी. पूर्वी बाळ आडवे की उभे हे पाहण्यासाठी तो काढत. अशा मुलांत पुढे कर्करोगाचे प्रमाण किंचित जास्त दिसते, हे इंग्लंडच्या डॉ. अॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ साली दाखवले. आता ते काम सोनोग्राफी करते. तिच्यात असे किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. एम.आर.आय.मध्येही क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅनमध्ये मात्र असतात, आणि पोटाच्या सीटीत बाळाला बरेच मिळतात. तरी एका तपासणीत ते सहसा ५० मिलिग्रेच्या आत राहतात. अपघातात जीवावर बेतले असेल, तर तिलाही अडवू नये.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट, ही क्षयाची लक्षणे. अशा वेळी थुंकी तपासावी आणि डॉक्टर म्हणतील तर छातीचा एक्स-रेही काढावा. अंगात राहिलेला क्षय बाळाला त्या एक्स-रेपेक्षा फार घातक. त्याने मूल कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मते.

भगिनींनो, एवढे करा. पाळी चुकली असेल, तर एक्स-रेच्या आधीच सांगा, लाजू नका. "सोनोग्राफीने भागेल का?" असे विचारा. जुने एक्स-रे जपून ठेवा व सोबत न्या, म्हणजे तोच पुन्हा काढावा लागणार नाही. आणि दिवस गेल्याचे ठाऊक नसताना एक्स-रे निघालाच, तर घाबरून गर्भ पाडू नका. कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते.