दुमडलेला गुडघा

गेल्या आठवड्यात मोखाड्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीत मुलांची मोजणी चालली होती. सेविकाताईंनी वर्षाच्या आतबाहेरच्या एका पोराला फळीवर निजवलं, तसं त्यानं भोकाड पसरलं आणि गुडघे पोटाशी ओढले. आईनं डोकं धरलं होतं, ताईंनी सरकती पट्टी. गुडघे धरायला तिसरा हात नव्हता. लांबी भरली ७० सेंटिमीटर. वजन ६ किलो ८०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७० सेंटिमीटरच्या मुलग्यासाठी तीव्र कुपोषणाची, म्हणजे ‘सॅम’ची रेघ ६.६ किलोवर आहे. पोरगा तिच्या वर, म्हणून ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषण. तेवढ्यात मदतनीस आली, तिनं गुडघे अलगद दाबून धरले. आता ७२. आणि ७२ला तीच रेघ ७ किलोवर असते. पोर तेच, वजन तेच. नोंद मात्र मॅमची सॅम झाली.

काही चुका इकडे थोड्या, तिकडे थोड्या होतात आणि पुष्कळ मोजमापं घेतली की एकमेकींना खाऊन टाकतात. दुमडलेल्या गुडघ्याची चूक तशी नाही. ती दरवेळी लांबी कमीच दाखवते, आणि लांबी कमी दिसली की तेच वजन पुरेसं वाटतं. जव्हार-मोखाड्यातली सगळी मुलं मोजली तरी ती चूक फिटणार नाही, उलट तालुक्याच्या तक्त्यात सॅमचा आकडा आपोआप खाली येईल. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हापासून या भागाचे किती तक्ते झाले! फळीवर गुडघे कुणी धरले होते, हे त्यातल्या एकाही रकान्यात लिहिलेलं नसतं.

मोजलेली मुलंही ‘जात्याच बारीक’ म्हणून बाजूला सारली जातात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर यांचा बांधाच लहान, हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली नीट जोपासलेली मुलं मोजून २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेचे हे तक्ते आले. मुलांच्या लांबीत जो फरक आढळला त्यात देशादेशांमधला वाटा होता जेमतेम ३ टक्के. एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला ७० टक्के. भारतातली ती मुलं दक्षिण दिल्लीच्या सुस्थितीतल्या घरांतली होती, पाड्यावरची नव्हती, हा आक्षेप मला मान्य आहे. पण म्हणूनच पाड्यावरच्या पोराला आधी दिल्लीच्या पोराइतकं खाऊ द्या, स्वच्छ पाणी द्या, त्याच्या आईचं रक्त भरून निघू द्या, आणि मग बांध्याचं बोला. एकाच वाणाची नागली वरकस उतारावर लावली आणि थोडी कसदार जमिनीत लावली, तर उतारावरचं पीक खुजं राहिलं म्हणून बियाण्याला दोष कोण देईल?

आनुवंशिकता जिथे खरोखर आहे तिथे ती रक्त तपासून सांगता येते. सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. आईबाप दोघे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत नाही की घटत नाही. हे जोडप्यांना समजावून सांगायला कुणीतरी ओट्यावर बसायला हवं. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणी झालेल्यांच्या हातात कार्ड तर पडेल, पण ते वाचून दाखवणारं माणूस पाड्यापर्यंत पोचायला हवं.

फळीवरच्या त्या पोराचं नाव ताईंनी सॅमच्या यादीत घेतलं. ग्राम बालविकास केंद्रात दिवसातून अनेकदा खाऊ घालायचं, वजनावर लक्ष ठेवायचं, असं त्यांनी आईला सांगितलं. आईनं विचारलं, “किती दिवस, ताई?” दिवाळी झाली की तिचं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर निघणार होतं. शिमग्यापर्यंत पोराचा रकाना रिकामा राहील, आणि रिकामा रकाना टक्केवारीत धरत नाहीत. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर भट्टीच्या गावाचं नाव लिहून घेतलं. छापील नोंदवहीत त्यासाठी जागा नव्हती.