बाबांचा अँटेना आणि टपावरचं भोक

‘वीकेंडला काय केलंस?’ या प्रश्नाला माझ्या मैत्रिणींकडे एकदम झक्कास उत्तरं असतात. कुणी अलिबागला जाऊन येते, कुणी बांद्र्यात नवा कॅफे शोधून काढते. माझं गेल्या महिन्यातलं उत्तर ऐकून मात्र सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मी म्हटलं, ‘‘बाबांच्या पिकअपच्या टपाला भोक पाडलं.’’

होय, भोक. ड्रिल मशीनने, चांगलं पाऊण इंची. आणि तेसुद्धा धडधाकट, हप्ते नुकतेच फिटलेल्या गाडीला. का, ते सांगते. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

३ जून २०२० आठवतोय? आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसून केक बेक करत होतो आणि निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. माझी आजी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात एकटी राहते. घर, मागे सुपारीची वाडी, एक मांजर. त्या दिवशी सकाळी अकराला तिचा फोन आला, ‘‘वारा सुटलाय, कौलं वाजतायत, ठेवते.’’ त्यानंतर काही नाही. मोबाइल बंद, लँडलाइन बंद, वीज बंद. विजेचे खांब आडवे, टॉवर मुके, रस्त्यावर झाडं. पाच दिवस आम्हाला आजी आहे की नाही, हेच माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी बाबा पास काढून, गाडीत करवत आणि कोयता टाकून तिथपर्यंत पोचले. आजी पडवीत बसून भिजलेले तांदूळ वाळवत होती. वाडी भुईसपाट. बाबांना बघून म्हणाली, ‘‘अरे, एवढ्या लांब कशाला आलास?’’

हे आम्हाला कळलं सहाव्या दिवशी, बाबा परत रेंजमध्ये आल्यावर. म्हणजे शेवटच्या दिवशी आम्ही एकाची नाही, दोघांची वाट बघत होतो.

त्यानंतर बाबांनी शांतपणे एक गोष्ट केली. हॅम रेडिओची परीक्षा दिली.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. स्वतःचा रेडिओ, स्वतःचा अँटेना, आणि मधे कुठलीही कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. मात्र लायसन्स लागतं. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा पास व्हावी लागते, मग तुम्हाला स्वतःचा कॉल साइन मिळतो. ‘हे काय म्हाताऱ्यांचं खूळ’ असं मलाही वाटायचं. पण राजीव गांधी हॅम होते, त्यांचा कॉल साइन व्हीयू२आरजी. आणि २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाची एक हॅम योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होती, खरं तर छंद म्हणून जगभर गप्पा मारायला गेलेली. बाकी फोन गेल्यावर तिच्याच स्टेशनवरून अंदमानमधले निरोप बाहेर आले. त्यामुळे खूळ हा शब्द मी मागे घेतलाय.

तर, बाबा आता रिटायर्ड. कर्जतजवळ त्यांची छोटी नर्सरी आहे आणि रोपं पोचवायला एक पिकअप. त्यांचा प्लॅन असा : वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशीच पिकअप घेऊन आजीकडे जाऊन राहायचं. कारण आजी घर सोडून येणार नाही, हे ब्रह्मदेवही बदलू शकत नाही.

मी म्हटलं, ‘‘वा! म्हणजे पुढच्या वेळी मी पहिल्या दिवसापासूनच दोघांची वाट बघायची?’’

‘‘म्हणून तर गाडीला अँटेना लावायचाय,’’ बाबा म्हणाले. ‘‘पाना धर.’’

इथून माझे तीन वीकेंड संपले.

पहिला धडा : अँटेना म्हणजे नुसती काडी नव्हे. त्याच्या लांबीचं गणित असतं आणि फंडा सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. गाडीवर साधारण तिच्या पाव भागाचा अँटेना लावतात. १४५ मेगाहर्ट्झला लहर दोन मीटरची, म्हणजे काडी जेमतेम अर्धा मीटर. एकदम क्यूट! पण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की खेळ खल्लास. आणि कर्जत ते श्रीवर्धन म्हणजे मधे डोंगरच डोंगर.

दुसरा पर्याय सात मेगाहर्ट्झचा. या लहरी वर आकाशात जातात, आयनोस्फिअरला आपटतात आणि शे-दोनशे किलोमीटरवर खाली येतात. डोंगर गेले उडत. पण लोच्या असा, की लहर आहे बेचाळीस मीटरची, पाव भाग म्हणजे साडेदहा मीटर. पिकअपवर साडेदहा मीटरचा दांडा लावला तर आपल्याला वादळाची गरजच नाही, आपणच विजेच्या तारा पाडू. म्हणून अडीच मीटरच्या दांड्यात मधोमध तारेची कॉइल घालून त्याला ‘मी लांब आहे’ असं वाटायला लावतात. फुकट काही मिळत नाही. अशा अँटेनात बरीचशी शक्ती उष्णतेत जाते आणि तो अगदी थोड्याच फ्रिक्वेन्सीवर नीट चालतो. पण चालतो.

बाबांनी दोन्ही घ्यायचे ठरवले. छोटा, रस्त्यात आणि आसपास बोलायला. मोठा, आजीच्या घरून पुण्याच्या काकांशी बोलायला. काका बाबांचे जुने मित्र, तेही हॅम. काकांचा फोन चालू असला की ते मला फोन करणार. अशी ही साखळी.

आता लावायचे कुठे? इथे घरात महायुद्ध झालं.

छोट्या अँटेनासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चुंबकाचा स्टँड. ठेवला टपावर, वायर दारातून आत, काम फत्ते. आम्ही तोच घेऊन आलो. आई खूश, मी खूश. आठ दिवसांनी माथेरानच्या पायथ्याशी एका झाडाच्या फांदीने तो उचलला आणि तो वायरला लटकत पत्र्यावर एक किलोमीटर ताशा वाजवत आला. शिवाय चुंबकाखाली धूळ जाऊन रंगावर ओरखडे, आणि दारात चिमटून वायर दबलेली.

‘‘भोक पाडावं लागेल,’’ बाबा म्हणाले.

‘‘अहो, पावसाळा तोंडावर आलाय,’’ आई म्हणाली. ‘‘गळेल ती गाडी!’’

खरं सांगायचं तर भोक या गोष्टीला मीही घाबरले. आपल्या पिढीला सगळं काढता येण्यासारखं हवं असतं. भाड्याचं घर, नोटिस पीरियडची नोकरी, भिंतीला खिळा न ठोकता चिकटणारे हुक. भोक म्हणजे कमिटमेंट! पण बाबांचं लॉजिक पक्कं होतं. उभ्या अँटेनाला खाली पत्रा लागतो, तो अँटेनाचा दुसरा अर्धा भाग. टपाच्या मधोमध लावला की चारही बाजूंना अर्ध्या मीटरच्या आसपास पत्रा मिळतो, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं ऐकू जातं. कोपऱ्यात लावला तर एका बाजूला तोंड फिरवून बसतो.

त्याच दुकानात सव्वा मीटरचा एक लांब अँटेनाही होता, ‘पाच अष्टमांश’ लहरीचा. तो सिग्नल क्षितिजाच्या दिशेने जास्त दाबून पाठवतो. मला साहजिकच मोठा हवा होता. बाबा म्हणाले, सपाट मुलखात मस्त. पण घाटात रिपीटर डोक्यावर डोंगरात असतो, तिथे वरही बघणारा छोटाच बरा. आणि फांद्या कमी लागतात.

मग एका रविवारी टपाचं आतलं अस्तर काढलं, खाली दिव्याची वायर नाही ना हे पाहिलं, मधोमध खूण केली, आणि बाबांनी ड्रिल माझ्या हातात दिलं. ‘‘तुझा हात स्थिर आहे.’’ आई घरात निघून गेली. आठ-दहा सेकंदांचा कर्कश आवाज, पत्र्याची एक गोल चकती, आणि त्यातून दिसणारं कर्जतचं आकाश. कडेला गंजरोधक रंग, आतल्या बाजूने रंग खरवडून उघडा पत्रा, वर रबरी वॉशर, मग माउंट घट्ट. आईने स्वतः बादलीने पाणी ओतून पाहिलं. तीन बादल्या! थेंब नाही आला. तेव्हा कुठे चहा मिळाला.

मोठ्या अँटेनाचं प्रकरण वेगळं. तो मागे हौद्यावर. मला वाटलं, फाळक्यावर लावला की झालं. चूक! फाळका बिजागऱ्यांवर लटकतो आणि बिजागऱ्यांत रंग, गंज, चिखल. विजेच्या दृष्टीने तो गाडीचा भागच नसतो. पिकअपची गंमत म्हणजे कार एकच डबा असते. इथे केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही चॅसीवर बसवलेले, आणि केबिनखाली रबर. म्हणून अँटेना बसवला केबिनमागच्या लोखंडी चौकटीवर, आणि मग हौदा ते चॅसी, केबिन ते चॅसी अशा तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या जोडल्या. प्रत्येक बोल्टखाली रंग खरवडायचा. माझ्या नखांचं त्या दिवशी जे झालं ते पाहून पार्लरवालीने नुसता सुस्कारा टाकला.

वायर सिगारेट लायटरमधून नाही, थेट बॅटरीवरून. शंभर वॅटचा रेडिओ बोलताना वीसेक अँपिअर खेचतो, लायटरचा फ्यूज तेवढ्याला टिकत नाही. आणि बॅटरीला लागूनच फ्यूज, कारण वायर कुठे घासली तर आधी फ्यूज जळावा, गाडी नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे रेडिओत तडतड कमी. तरी अल्टरनेटरची शिट्टी येतेच. बाबांचा उपाय : महत्त्वाचं बोलताना इंजिन बंद.

शेवटी मोजमाप. पत्त्यांच्या कॅटाएवढं एक यंत्र मिळतं, ते सांगतं तुमचा अँटेना किती शक्ती बाहेर सोडतोय आणि किती परत ढकलतोय. त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. एकास एक म्हणजे आदर्श जोडी. तीनास एक म्हणजे पाव शक्ती परत घरी. आमचा पहिल्यांदा चार आला. दांडा दोन बोटं वर, परत माप. आणखी थोडा, परत माप. संध्याकाळी दीडवर आला, म्हणजे परत येणारी शक्ती जेमतेम चार टक्के. बाबांनी खिळ्याने तिथे खूण केली आणि मला टाळी दिली.

हा दांडा उभा असताना गाडीची उंची चार मीटरच्या वर जाते. म्हणून चालवताना तो आडवा करून दोरीने बांधायचा, नाहीतर रेल्वे फाटकाजवळचा उंचीचा बार किंवा गावातली लोंबती तार... विषय संपला. आणि विजा चमकत असतील तर रेडिओ बंद, केबल काढून बाजूला.

मागच्या शनिवारी आम्ही आजीकडे गेलो. अंगणात पिकअप, दांडा उभा, आजी पायरीवर. रात्री नऊला बाबांनी काकांना हाका मारल्या. काही नाही. उलट भलत्याच लांबच्या लोकांचे आवाज येत होते. माझ्या पोटात गोळा आला. एवढं करून हे? बाबा शांत. म्हणाले, रात्री सात मेगाहर्ट्झचं असंच होतं, आकाश जवळच्यांना सोडून लांबच्यांना धरतं. सकाळी बघू.

सकाळी साडेआठला इंजिन बंद करून त्यांनी परत हाक दिली. खरखर. पुन्हा खरखर. आणि मग त्या खरखरीतून पुण्याच्या काकांचा आवाज, जरा नाकातला, पण शब्द न् शब्द कळणारा. सिग्नल रिपोर्ट दिला, घेतला. घरगुती निरोप पाठवायला हे माध्यम नाही, त्यामुळे बाबांनी आजीची खुशाली सांगितली नाही, नुसती फ्रिक्वेन्सी आणि वेळ पक्की केली. दोन मिनिटांत माझा फोन वाजला. काका. ‘‘ऐकू आले गं तुझे बाबा.’’

मी काही बोलूच शकले नाही. २०२० च्या त्या पाच दिवसांत मी या एका वाक्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं.

आजीला सगळं समजावून सांगितलं. टॉवर नको, लाइट नको, गाडीची बॅटरी पुरे. तिने दांड्याकडे बघितलं, मग टपावरच्या छोट्या काडीकडे, आणि म्हणाली, ‘‘म्हणजे आता वारा सुटला की तू येणार. बरं. येताना तांदूळ घेऊन ये, मागच्या वेळचे भिजले होते.’’

जूनमध्ये परत इशारे येतील. मला भीती वाटणारच आहे. पण आता निदान भीतीची वेळ ठरलेली आहे. सकाळी साडेआठ.