फ्लेक्स उतरवण्याची भीती

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल होणारा कॅडेट साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असतो. तिथे तीन वर्षे, भूदलात जाणाऱ्याला पुढे डेहराडूनला आणखी एक. एवढ्या काळात 'हे आपले काम नव्हे' असे कधीतरी वाटणारच. अनेकांची ही शंका घामाबरोबर निघून जाते. ज्यांची जात नाही त्यांच्यापुढे हमीपत्र उभे राहते: आपणहून सोडले तर प्रशिक्षणाचा खर्च भरायचा, आणि त्याखाली सही पालकांची.

तिजोरीच्या बाजूने ते रास्तच. पण केवळ वसुलीच्या धाकाने थांबलेला तरुण उद्या प्लाटून कशी सांभाळणार? शिवाय गावच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला असतो (त्यावर कॅडेटपेक्षा पुढाऱ्यांचेच फोटो मोठे!). तो उतरल्यावर गावात परतणे कुठल्याही परेडपेक्षा अवघड. प्रबोधिनीतली पदवी जेएनयू या नागरी विद्यापीठाचीच असते. मग पहिल्या वर्षात विनादंड बाहेर पडण्याची मुभा आणि झालेल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक धरून नागरी महाविद्यालयात प्रवेश, एवढी सोय संरक्षण मंत्रालयाने करायला हरकत नसावी.