आधी पाण्याचा हिशेब, मग गडाची वाट

फाल्गुन हा डोंगरात जाण्याचा महिना आहे असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. आपल्याकडे सहल म्हटली की एक तर डिसेंबरची थंडी, नाही तर श्रावणातले धबधबे. परंतु पंचांगातला वसंत चैत्रात येत असला तरी सह्याद्रीतला वसंत माघ सरता सरता येतो. पळस, पांगारा आणि सावर पाने टाकून फुलांनी पेटतात, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात, काजूला मोहोर असतो. पाऊस नाही, निसरडे नाही, जळवा नाहीत. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की महाविद्यालयाच्या फलकावर पदभ्रमणाची सूचना झळकते, हे योग्यच आहे.

माझे म्हणणे महिन्याविषयी नाही, बेत आखण्याच्या क्रमाविषयी आहे. आपण आधी बस ठरवतो, मग वर्गणी, मग जेवण. रात्री गाणी कोण म्हणणार यावरही तासभर चर्चा होते. पाण्याचा विषय शेवटी निघतो आणि ‘गडावर मिळेल की!’ एवढ्या तीन शब्दांत मिटतो. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फाल्गुनातला बेत पाण्यापासून सुरू व्हावा, दुसरा विचार विस्तवाचा व्हावा आणि बस शेवटी ठरावी.

उदाहरणासाठी आपल्या जवळचा पारगड घेऊ. चंदगड तालुक्याच्या टोकाला, कोकणाच्या कड्यावर उभा असलेला हा गड गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी शिवछत्रपतींनी उभारला. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा येथे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. गडावर भवानीचे देऊळ आहे आणि मुख्य म्हणजे तेथे आजही माणसे राहतात. आपल्याला जो इतिहास वाटतो, ते त्यांचे घर आहे.

आता हिशेब मांडू. उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला निदान ४ लिटर पाणी पिण्यासाठी धरावे लागते. आपण ३० जण आणि मुक्काम धरून २ दिवस, म्हणजे २४० लिटर झाले. एका घागरीत १५ लिटर मावतात असे धरले तर १६ घागरी होतात, आणि यात भात शिजवणे, भांडी घासणे, हात-पाय धुणे आलेलेच नाही. गडावर विहिरी आणि तळी आहेत, पण होळी जवळ आली की डोंगरावरचे पाणी दिवसागणिक उतरत जाते आणि पुढचा पाऊस थेट मृगाचा. उरलेले तीन महिने त्याच पाण्यावर तेथल्या माणसांना आणि गुरांना काढायचे असतात. आपण दोन दिवसांत पाणी उपसून परत येतो, आणि आपल्या जमाखर्चात त्याची नोंदही होत नाही.

वाणिज्य शाखेत आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की, खर्च वहीत लिहिला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी माथी पडतो. गडावरच्या बाईने डोक्यावरून आणलेल्या घागरीची किंमत आपल्या वर्गणीत नसेल, तर ती वर्गणी ३०० रुपये असो वा ५००, हिशेब चुकलाच. म्हणून पहिल्या दिवसाचे पाणी प्रत्येकाने पाठीवरून न्यावे. एक लिटर म्हणजे एक किलो, हे ध्यानात ठेवून बाकीचे ओझे कमी करावे. गडावर गाडीरस्ता झालेला आहे. तेव्हा स्वयंपाकाचे पाणी पिंपांतून वर नेणे अशक्य नाही. गावाकडून पाणी घ्यावेच लागले, तर आठ दिवस आधी विचारून आणि योग्य मोबदला देऊन घ्यावे.

दुसरा विचार विस्तवाचा. शेकोटीवाचून मुक्काम कसला, असे म्हणणारे मित्र आहेत. डिसेंबरात मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण फाल्गुनात गुडघाभर गवत वाळून कोळ झालेले असते आणि दुपारनंतर वारा सुटतो. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेली मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. तमिळनाडू दूर आहे असे कोणी म्हणेल. मग मार्च २०२३ आठवावा. आपल्या चोर्ला घाटाखाली, गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आणि आसपास दिवसेंदिवस आगी धुमसत होत्या आणि त्या विझवायला नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. या महिन्यांत डोंगरावर शेकोटी नको, विडीकाडी नको, आणि स्वयंपाक करायचाच तर वस्तीत, मोकळ्या अंगणात करावा. धुराने आग्या मोहोळ उठते, ते निराळेच. कड्याला मोहोळे लटकलेली असताना अंगाला अत्तर फासून जाणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

तिसरी बाब वेळेची. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा आडाखा सांगितला. ताशी ५ किलोमीटर चाल धरावी आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास वाढवावा. म्हणजे १० किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर ३ तास. पण नेस्मिथसाहेब थंड मुलखातले. आपल्याकडे ३० जणांची रांग, फाल्गुनातले ऊन आणि नव्या बुटांनी सोललेल्या टाचा यांसाठी या आकड्यात निम्मी भर तरी घालावी. धंद्यात जशी गंगाजळी, तशी ही वेळेची शिल्लक. मार्चच्या आरंभी सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचपर्यंत मुक्काम गाठायचा आणि दुपारी बारा ते तीन सावलीत काढायचे. उरलेल्या वेळात जेवढे बसेल तेवढेच चालायचे.

पारगडावरून कोकणात मोर्ल्याकडे उतरण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण त्या पट्ट्यात २००२ च्या सुमारापासून रानहत्तींचा वावर आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले येथे काजूच्या बागेत गेलेल्या एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. रोजच्या वाटेवरचा माणूस जेथे वाचला नाही, तेथे आपण वनखात्याला न विचारता आणि स्थानिक वाटाड्या न घेता उतरू नये.

एवढा हिशेब करायचा तर साहस कुठे उरले, असा प्रश्न येईल. मला तो पटत नाही. चढ काही हिशेबाने कमी होत नाही. कड्यावर उभे राहिल्यावर समोर पसरलेले कोकण, हिशेब केला म्हणून लहान दिसत नाही. न ठरवता जाणाऱ्याचे साहस बहुधा दुसऱ्याच्या जिवावर असते. त्याला शोधायला रात्री कंदील आणि विजेऱ्या घेऊन निघतात ती गावचीच माणसे.

आणखी एक गोष्ट. आपल्या वर्गातील किती मुली पदभ्रमणाला येतात? बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्यांना हौस नाही असे मुळीच नाही. घरून परवानगी मिळत नाही, आणि घरच्यांना आपण देतो काय, तर ‘काळजी करू नका’ हे वाक्य. त्याऐवजी एक कागद द्यावा. कोठे जाणार, कोणत्या वाटेने, मुक्काम कोणाकडे, पाणी किती, सोबत कोणते प्राध्यापक व कोणत्या प्राध्यापिका, परतीची वेळ कोणती आणि त्या वेळेत न आल्यास कोणाला विचारायचे, हे सर्व त्यावर असावे. तो मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावा, म्हणजे प्रत्येकाच्या घरी वाचला जाईल. कागद पाहून सगळेच पालक राजी होतील असा माझा दावा नाही. पण ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्यांना वाचायला काहीतरी मिळेल.

पाणी म्हणा की नीरू म्हणा, डोंगरावर ते दोन्ही भाषांत सारखेच तुटपुंजे आहे. तेव्हा यंदा फलकावर सूचना लागेल, तेव्हा वर्गणीच्या आकड्याच्या वर आणखी एक आकडा असावा, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. किती माणसे, किती दिवस, किती लिटर आणि ते कोठून? हा आकडा नीट भरला की बस ठरवायला एक संध्याकाळ पुरे.