वीसपैकी अठरा मिळाले, पण बोलायला कुणी शिकवलं?

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. रडत होती. सातवीपर्यंत झेडपीची शाळा, मग गावातलंच हायस्कूल, दहावीला इंग्रजीत ८५. आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. सेमिनारला उभी राहिली, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. हात थरथरायला लागले, मागचे बाक हसले. सर म्हणाले, ‘कॉन्फिडन्स वाढव.’

कॉन्फिडन्स काय किराणा दुकानात मिळतो का हो?

जरा हिशोब मांडू. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. लेखी ८०, तोंडी आणि अंतर्गत २०. तोंडी कशी होते ते सगळ्यांना माहितीये. नाव सांग, पाठ केलेली दहा वाक्यं म्हण, झाले अठरा. पुढचा!

२०१९ च्या बॅचला भाषांचे हे २० मार्क काढले होते. अभ्यासक्रमही नवा होता. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केवढी ओरड झाली! पुढच्या वर्षी मार्क परत. भांडलो ते टक्क्यांसाठी. पोरं खरंच बोलतात का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

‘मराठी शाळेत घातलं की असंच होणार,’ असं म्हणणाऱ्यांनी थांबावं. आपली पोरं मराठीत तरी कुठे बोलतात? पंधरा ऑगस्टचं भाषण बाई लिहून देतात आणि दरवर्षी तीच चार मुलं घडाघडा म्हणतात. बाकीची टाळ्या वाजवायला. इंग्लिश मीडियममध्येही पाठांतरच, फक्त टाय लावून. आणि घरी पाहुणे आले की आपण म्हणतो, ‘काकांना इंग्लिशमध्ये बोलून दाखव!’ चुकलं की आपणच हसतो. भीती पोरांच्या रक्तात नसते, ती आपण घालतो.

उपायाला जीआर लागत नाही. वर्गात रोज दोन मुलं, दोन-दोन मिनिटं, पाठ न करता. साठ मुलांचा वर्ग असला तरी तीस दिवसांत प्रत्येकाचा नंबर लागतो. मध्येच चूक काढायची नाही. जो हसेल, त्याचा नंबर उद्या.

येत्या पालकसभेत मार्क विचारू नका. एवढंच विचारा : ‘सर, माझं पोरगं या महिन्यात वर्गासमोर किती वेळा बोललं?’

उत्तर काय मिळतं ते इथे कमेंटमध्ये लिहा.