मेंदू, फळें आणि दीडशेंचा आंकडा

कोणतेंहि शास्त्रीय अनुमान एकदां सुटसुटीत आंकड्यांत बसलें, कीं तें सिद्धान्ताच्या तोऱ्यानें मिरवूं लागतें. मनुष्यास सुमारें १५० जणांपलीकडे खरा परिचय राखतां येत नाहीं, हें वचन त्यांतलेंच. रॉबिन डनबर यांनीं १९९२ सालीं निओकॉर्टेक्सचें, म्हणजे मेंदूच्या बाह्य थराचें, प्रमाण माकड-वानरांच्या कळपसंख्येशीं ताडून पाहिलें. पुढें तीच रेषा मनुष्यापर्यंत ओढण्यांत आली. कळपांतील मैत्री, वैर व कपट सांभाळण्याकरितां मेंदू वाढला, असें या पक्षाचें म्हणणें. स्वीडनच्या करखात्यानें तर २००७ सालीं या आंकड्याबरहुकूम आपल्या कचेऱ्यांची फेरमांडणी आरंभिली!

आमचा आक्षेप समाजजीवनास महत्त्व देण्याला नाहीं. रानाला विसरण्याला आहे. पनामांतील बारो कोलोराडो बेटावरील दोन जातींच्या माकडांची तुलना कॅथरिन मिल्टन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली. दोहोंचें शरीर जवळजवळ सारख्या आकाराचें. हाउलर माकड पानांवर बरेंच निभावतें. त्याचा मेंदू सुमारें ५० ग्रॅम. स्पायडर माकड मुख्यतः पिकलेल्या फळांवर जगतें; त्याचा मेंदू १०७ ग्रॅम. पान जागोजाग मिळतें. फळ मात्र कोठें व केव्हां पिकेल हें ध्यानांत ठेवावें लागतें. स्पायडर माकडांच्या टोळ्या फुटतात, पुन्हां जुळतात. मेंदू लागतो तो या गुंतागुंतीस, असें प्रतिपक्ष म्हणेल. पण आम्ही विचारतों, टोळी फुटते कां? एका झाडाचीं फळें सर्वांस पुरत नाहींत म्हणूनच ना? मग समाजाला हें वळणहि झाडांनींच लाविलें. आणि बहुधा एकटा हिंडणारा ओरांगउटान एवढा मोठा मेंदू कोणत्या दरबारासाठीं बाळगतो?

२०१७ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनीं १४० हून अधिक जाती तपासल्या. मेंदूच्या आकाराशीं कळपसंख्येपेक्षां आहाराचाच मेळ अधिक बसला. त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका परीक्षणांत कळपसंख्येचा प्रभाव फारसा आढळलाच नाहीं. मात्र मापांचा संग्रह बदलतांच निष्कर्षहि डळमळले, हें आहारवाद्यांनींहि विसरूं नये. २०२१ सालीं तर स्वीडनमधीलच संशोधकांनीं डनबर यांचें गणित नव्यानें मांडलें. त्यांच्या एका रीतीप्रमाणें मनुष्याच्या गटाची संख्या ४ पासून ५२० पर्यंत कोठेंहि असूं शकते, असें निघालें. एवढ्या रुंद दारांतून कोणती कचेरी आंत जाणार नाहीं?