शाळेचे दार आणि ठरावाचा कागद

शाळा उघडण्याचे दिवस आले की घरोघरी मुलांची नावे घालण्याची लगबग सुरू होते. आई मुलाला न्हाऊ-माखू घालते, बाप कामाचा खाडा करून त्याला शाळेत नेतो, हेडमास्तर रजिस्टर उघडतात आणि पाच मिनिटांत नाव लागते. या पाच मिनिटांसाठी आपल्या पूर्वजांच्या किती पिढ्या खर्ची पडल्या, याचा विचार नवदीक्षित कुटुंबांनी त्या दिवशी अवश्य करावा.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे सरकारने कबूल केले. परंतु एकासाठी दार उघडले तर बहुजनसमूहाला ती शाळा निरुपयोगी होईल, असे सांगून प्रवेश नाकारला. पुढे १८५८ मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील, असे धोरण जाहीर झाले. धोरण मुंबईत झाले. शाळेचे दार मात्र गावात होते, आणि गावची सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांना ते उघडावयाचे नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, परंतु कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी कायद्याने मानावी इतकी प्राचीन असल्याचे सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. एका तळ्यासाठी दहा वर्षे लागली.

या इतिहासाचा धडा काय? कायदा राजधानीत होतो. पण तो पाळला जातो किंवा मोडला जातो तो नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या दारात. ज्या ठरावामागे जागृत माणसे उभी नसतात तो ठराव एका बैठकीत येतो आणि दुसऱ्या बैठकीत जातो.

आजचा कायदा त्या काळच्या ठरावापेक्षा फार बळकट आहे. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अधिनियमाने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याच्या ९ व्या कलमाने, वंचित गटातील मुलाशी भेदभाव होऊ न देणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य केले. ही तिची मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे.

म्हणून चार गोष्टी आग्रहाने सांगतो.

पहिली गोष्ट नोंदीची. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले तर सवलती जातील, ही भीती अजून काही घरांत आहे. ती एकेकाळी खरी होती. धर्मांतरितांना अनुसूचित जातींच्या यादीतून वगळले जात असे. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा भीतीपोटी जुना धर्म लिहू नका. नाव लागते त्याच दिवशी धर्माची व जातीची नोंद स्वतः वाचून पाहा; शाळा सुटल्यावर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

दुसरी गोष्ट उपासनेची. संविधानाच्या २८ व्या कलमाप्रमाणे, पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. नम्रपणे, पण लेखी कळवा.

तिसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित गटातील पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. सभेची दवंडी आपल्या वस्तीत पोचली नाही, तर आपण विचारावयास जावे. जेथे आपला माणूस बसत नाही, तेथे आपल्या मुलाला पंगतीत कोठे बसविले जाते हे कोण पाहणार?

चौथी गोष्ट तक्रारीची. त्या कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक संस्थेकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ‘तक्रार केली तर मास्तर मुलावर राग धरतील’ असे आपण म्हणाल. ही भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच अर्ज एकट्याने करू नये. वस्तीतील दहा पालकांनी मिळून सह्या कराव्यात आणि पोच घ्यावी. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, पोच दिलेला कागद कचेरीला पुरावा होऊन बसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी अधिसूचना काढली. पालक व संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दार पुन्हा लोटले जाऊ शकते, आणि धरून ठेवले तर ते उघडे राहते, याचा हा अगदी अलीकडचा दाखला होय.

धारवाडच्या त्या मुलाच्या हाती फक्त अर्ज होता. आपल्या हाती संविधान आहे, कायदा आहे, मत आहे. अर्ज लिहिण्याचा कंटाळा मात्र आपण करू नये. त्या मुलानेही तो केला नव्हता.